हाय अजून, बारीक

माझ्या गिटारीतून रोज सकाळी कांद्याचा भाव ऐकू यायचा. थट्टा नाही करत. अँप, म्हणजे गिटारीचा आवाज मोठा करणारा डबा, चालू करावा, वायर खोचावी, अजून तारेला नखही लागलेलं नसायचं आणि आतून एक बाई थंडपणे सांगायला लागायची, लाल कांदा किमान अमुक, कमाल तमुक, मग तूर, मग हरभरा. आणि त्या बाईच्या मागे सतत एक गुणगुण, डब्यात भुंगा कोंडावा तशी. आमच्यात याला हमिंग म्हणतात. इलेक्ट्रिक गिटारीच्या तारांखाली तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी असते. तिनं वाजवलेला सूर पकडावा, एवढीच अपेक्षा. पण ती मेली हवेत असेल नसेल ते सगळं पकडते. ट्यूब, पंखा, मोटर, रेडिओ, काही म्हणून सोडत नाही. माझ्या खोलीच्या आसपास तर हे सगळं जरा जास्तच होतं.

हे मी एके दिवशी घरमालकांना सांगितलं. सहज सांगितलं हो, जिन्यात भेटले म्हणून. त्यानंतर वर्षभर त्या माणसानं माझा जो छळ मांडला, त्याला तोड नाही.

आम्ही भाडेकरू त्यांना अप्पा म्हणायचो. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात खिशाची बंडी आणि खिशात टेस्टर. पेन नाही, चष्मा नाही, टेस्टर. दिसेल त्याला तो लावायचे. फ्रिजला, नळाला, जिन्याच्या लोखंडी कठड्याला. एकदा मी तापानं फणफणले होते तर विचारपूस करायला म्हणून वर आले, माझ्या पलंगाला टेस्टर लावला, "बरं हाय," म्हणाले आणि गेले. ते पलंगाबद्दल बोलले, हे मला ते गेल्यावर कळलं.

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी कानाला हेडफोन लावून लोकांच्या लाईनी तपासलेल्या. कुठल्या लाईनीत पाणी शिरलंय, कुठली लाईन विजेच्या तारेला खेटून गेलीय, हे नुसत्या आवाजावरनं सांगायचे म्हणे. "हमिंग वळकायचं तर आमीच, यव्वा," असं छाती पुढे काढून म्हणायचे. त्यांच्यासारखा कान जिल्ह्यात दुसरा नव्हता, हेही तेच सांगायचे. मी अकलूजहून आलेली, मला यातलं काय माहीत, असा त्यांचा एकूण सूर. मला ते यव्वा म्हणायचे, त्यांच्या घरच्या कानडीत लेकीबाळींना म्हणतात तसं, आणि रागावले की पण यव्वाच म्हणायचे, फक्त मोठ्यानं.

त्यांची एक भयंकर सवय होती. समोरचा माणूस काही बोलत असला, अगदी महत्त्वाचं, तरी मधेच उजव्या हाताचं बोट वर करायचे. "केळु!" म्हणजे ऐक. मग मान एका बाजूला झुकवून, डोळे बारीक करून उभे. आपणही गप्प. बरं, ऐकायचं काय? आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, दोन्ही बाजूंना पॉवरलूमच्या शेड. दिवसभर मागांची अशी खटखट की मी आणि खालची शोभाक्का एकमेकींशी बोलताना अर्ध्या खाणाखुणाच करायचो. त्या गदारोळात या माणसाला म्हणे बारीक हमिंग ऐकू यायचं. बोट तसंच वर. मग जाहीर करायचे, "हाय. बारीक." आणि टेस्टर काढून कुणाच्या तरी घरात शिरायचे.

घरात शिरायला त्यांना दार वाजवायची गरज वाटत नसे. स्वतःचंच घर ना.

माझ्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांची नजर गिटारीवर नाही, अँपच्या प्लगवर गेली. मी तीन पिनांचा प्लग दोन भोकांच्या बोर्डात बसावा म्हणून वरची जाड पिन काढून टाकली होती. ऑर्केस्ट्रातले सगळेच तसं करतात. हमिंगही जरा कमी होतं. अप्पांनी प्लग उपसला, हातात धरला आणि माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी कुणाचा खून केलाय.

"ह्यो पाय कुणी तोडला?"

"मीच काढला, अप्पा."

"आग यव्वा, ही अर्थिंग हाय. शॉक जमिनीत न्हेणारा पाय ह्यो. ह्यो न्हाय तर तूच अर्थिंग. मायक्रोफोनला व्हट लागला की खाली!"

हे त्यांचं खरं होतं, ते मी मान्य करते. पण खरं बोलून माणूस थांबतो ना? अप्पा थांबले नाहीत. त्यांनी त्याच दिवशी तीन भोकांचा बोर्ड तर बसवलाच, वर माझ्या पंख्याचा रेग्युलेटर उपसून नेला. म्हणे तो इलेक्ट्रॉनिक आहे, त्यातनं कचरा येतो. कचरा येत होता, कबूल, पण महिना कुठला होता? एप्रिल! सोलापूरचा एप्रिल! मग माझा पंखा एक तर भणभणत फुल्ल, नाहीतर बंद. फुल्ल असला की नोटेशनचे कागद खोलीभर उडायचे आणि बंद असला की गिटारीवर घाम टपकायचा. मग ट्यूब गेली. तिच्या जागी पिवळा दिवा आला, कोंबड्यांच्या खुराड्यात लावतात तसला. शेवटी मोबाईलचा चार्जर गेला. तो मी त्यांच्या घरी जाऊन लावायचा, असं ठरलं. कुणी ठरवलं, हे विचारू नका.

आणि रोजची परीक्षा. "तारांना हात लाव." मी लावायची. "काढ." काढायची. "लाव. काढ. लाव." हात लावला की गुणगुण कमी होते, काढला की वाढते, हे कुठल्याही गिटारवाल्याला माहीत असतं. हात लावून जातंय म्हणजे दोष बाहेरचा, आणि हात लावूनही जात नाही म्हणजे दोष आतला, असं अप्पांचं शास्त्र. मला पहिल्या दिवशी कळलं होतं. पण अप्पांना ते रोज नव्यानं बघायचं असायचं, आणि मला वर्गावर जायला उशीर व्हायचा. सकाळी मी एका शाळेत गाणं शिकवायची आणि संध्याकाळी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायची. दोन्हीकडे जाताना बोलणी ऐकायची तयारी ठेवूनच निघायची.

पुढचा शोध दिशेचा. गिटार वाजवणारा फिरला की हमिंग कमीजास्त होतं, हेही खरंच आहे. अप्पांनी मला खुर्चीवर बसवून खुर्ची इंच इंच फिरवली. घाण्याच्या बैलालासुद्धा इतकं फिरवत नसतील. एका ठिकाणी आवाज जवळजवळ गेला. "हितं!" म्हणाले आणि काकूंच्या रांगोळीच्या डब्यातनं पूड आणून फरशीवर बाण काढला. त्या बाणाकडे तोंड करून बसायचं. बाण भिंतीकडे होता. खिडकी पाठीमागे, वारा पाठीमागे, समोर चुना गेलेली भिंत. तीन दिवसांनी रांगोळी पुसली गेली तर ऑईलपेंट घेऊन आले.

काकू म्हणजे अप्पांच्या बायको. सोशिक म्हणावं तर तोंडानं फटकळ, आणि फटकळ म्हणावं तर या माणसाबरोबर जन्म काढलेला. त्या एकदा शेंगाची चटणी द्यायला वर आल्या आणि माझा पिवळा दिवा बघून कपाळाला हात लावून बसल्या. "तुझ्याकडं तर आत्ता सुरू झालंय पोरी. आमच्याकडं किती वर्सं झाली. जेवताना फ्रिज बंद. टीव्ही लावला की मला म्हंतात आवाज वाढव, आनि वाढवला की म्हंतात मागं हमिंग हाय." मग त्यांनी कानाच्या डॉक्टरांची गोष्ट सांगितली. टीव्हीचा आवाज फार वाढायला लागला म्हणून त्या अप्पांना डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? अप्पांनी बोट वर केलं. "केळु! पैली तुमची ट्यूब बगा. चोक गेलाय. ह्या हमिंगमदी तुमी लोकांचे कान कसं काय तपासता?" मग स्टूल मागवलं, वर चढले, चोक बदलायला लावला, आणि डॉक्टरांना नमस्कार करून घरी आले. तपासणी राहिलीच. मी हसून हसून लोळले. काकूही हसल्या, पण लवकर थांबल्या.

आता मंद्रूपचं सांगते. ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

मंद्रूपला एका लग्नाचं रिसेप्शन होतं. ऑर्केस्ट्राचा टेम्पो निघायच्या वेळी अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून खाली उभे. "साउंड बगायला येतो," म्हणाले. ऑर्केस्ट्राच्या मालकांना वाटलं माझे कुणीतरी वडीलधारे आहेत. तिथं पोचल्यावर अप्पांनी स्टेजवर चढून मला खुर्चीसकट फिरवायला सुरुवात केली. आणि त्यांना शांत जागा कुठं सापडावी? जिथं माझी पाठ बरोब्बर पब्लिककडे होईल तिथं. मी अर्धा कार्यक्रम पडद्याकडे तोंड करून वाजवला. समोरच्या बायका एकमेकींना विचारत होत्या, ही रुसलीय का. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण मांडवात सगळीकडे लुकलुकणारी लायटिंग सोडलेली होती आणि ती लुकलुकली की माझ्या अँपमधून चर्र चर्र यायचं. नवरा-नवरी हातात हात घालून स्टेजची पायरी चढत होते. मालकांनी खास त्यासाठी बसवलेलं गाणं सुरू झालं. आणि अख्खा मांडव गुडुप अंधारात गेला.

अप्पांनी लायटिंगचा मेन प्लग उपसला होता. अंधारात कुणीतरी पायरीवरून घसरल्याचा आवाज आला, एक लहान पोर भेसूर रडायला लागलं, नवरीकडचा एक मामा "कुटं हाय तो, कुटं हाय तो" करत धावत आला. आणि या सगळ्यात अप्पा माझ्या कानाशी येऊन काय म्हणाले? "बग. ग्येलं का न्हाय?"

दुसऱ्या दिवशी मालकांचा निरोप आला, पुढच्या तारखांना येऊ नका. सीझन ऐन भरात, आणि मी घरी. मी तडक खाली गेले आणि अप्पांना तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, तुमच्यापायी माझं काम गेलं. आता मी खाऊ काय, तुमचं हमिंग? अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्यांचं वायरिंगच वाईट होतं की."

सुदैवानं एक धागा हाताशी होता. पुण्यात एक स्टुडिओ होता, भक्तिगीतं, जाहिरातींची गाणी असलं काम करणारा. कुणाच्या तरी ओळखीनं त्यांनी मला एक चाल पाठवली होती. त्यावर घरी गिटार वाजवून, रेकॉर्ड करून पाठवायची. आवडलं तर कायमचं काम, घरबसल्या. मी पाठवलं. उत्तर आलं, वाजवणं छान आहे, पण मागे गुणगुण आहे आणि एका ठिकाणी कुणीतरी कांदा म्हणतंय. साफ करून महिनाअखेरपर्यंत पाठवा, नाहीतर आम्हाला दुसरं कुणी बघावं लागेल. ऑर्केस्ट्रा गेलेला, शाळेचा पगार भाड्यातच संपायचा. हे काम गेलं असतं तर मला गिटार गुंडाळून अकलूजला परत जावं लागलं असतं. आणि तिथं सगळे टपूनच बसले होते, बघा, आम्ही म्हणत नव्हतो का, म्हणायला.

अप्पांना हे कळलं. काकूंनीच सांगितलं. त्यांनी वर येऊन गिटार उचलली. "आता मुळातनंच काडतो," म्हणाले. मी नको म्हणेपर्यंत जिना उतरलेसुद्धा.

त्यांनी गिटार उघडली. पाठीची, पोटाची झाकणं काढली, तारा सोडल्या, आतल्या वायरी बाहेर ओढल्या. माझ्या गिटारीची आतडी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर पसरलेली होती. त्यांचं म्हणणं, आतली पोकळी तांब्यानं मढवायची आणि ते तांबं अर्थिंगला जोडायचं, म्हणजे बाहेरचा कचरा आत शिरणार नाही. बरोबर आहे, सगळे तसंच करतात. त्यासाठी तांब्याची चिकटपट्टी मिळते. मी म्हटलं, पुण्याहून मागवते. पण अप्पांना धीर कुठला? त्यांनी देवघरातलं काकूंचं ताम्हण घेतलं, माहेरचं, ठोकून ठोकून पातळ केलं आणि कातरीनं कापलं. काकू दुपारी पूजेला बसल्या तेव्हा त्यांना कळलं. मी वर होते. मागांच्या खटखटीतून मला काकूंचा आवाज स्वच्छ ऐकू आला, एवढं सांगते.

तांबं बसवताना अप्पांनी दोन वायरी उलट्या जोडल्या. मग त्या गिटारीतून कांद्याचा भाव इतका स्पष्ट येऊ लागला की शोभाक्का तिच्या दारातून विचारायची, अप्पा, आज बटाटा काय सांगितला हो? अप्पा म्हणाले, ही प्रगती हाय. दोष सापडायला आधी मोठा व्हावा लागतो. माझी तारीख जवळ येत होती आणि इकडं ही प्रगती.

वायरी सुलट झाल्या. कांदा गेला. चर्र चर्र गेलं. राहिली ती तळाची गुणगुण, थोडीशी. अप्पांनी तिचं मूळ शोधलं. अंगणाच्या कोपऱ्यात अर्थिंगचा खड्डा होता, कोळसा आणि मीठ भरून बुजवलेला, वर एक नळी. उन्हाळ्यानं तो कोरडा ठाक पडला होता. जमीन ओली नसेल तर अर्थिंग कसलं? अप्पांनी निदान केलं, आणि निदान झालं की उपचार लगेच.

सोलापुरात राहिलेल्याला पुढचं सांगायला नको. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी. त्या दिवशी पहाटे पाणी आलेलं, आम्ही सगळ्यांनी घागरी, बादल्या, पातेली, सापडेल ते भरून अंगणात ओळीनं लावून ठेवलेलं. उचलून वर न्यायच्या आत मी शाळेत पळाले, शोभाक्का शिवलेल्या टॉवेलांचा गठ्ठा कारखान्यात द्यायला गेली. परत येऊन बघतो तर अंगणात सगळी भांडी पालथी आणि अप्पा नळीशी उकिडवे बसून शेवटची बादली थेंब थेंब सोडतायत.

शोभाक्का आधी तेलुगूत ओरडली, मग मराठीत. "ओ अप्पा! वेड लागलं का काय की तुमाला? पोरांना पाजू काय मी? मातीला पाणी पाजून बसलेत!"

"जमीन भिजली पायजे," अप्पा शांतपणे म्हणाले. "तुज्या मशीनलाबी अर्थिंग हीच हाय. तुज्याच जिवासाठी हाय हे."

"जिवासाठी प्यायला ठेवा की थोडं!"

त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी वळसंगच्या बाजूनं आलेल्या टँकरवाल्याचे पाय धरले. शोभाक्का आठवडाभर अप्पांशी बोलली नाही. ते त्यांना कळलंही नसावं, कारण ते आनंदात होते. अँप लावला, गिटार जोडली, आवाज पूर्ण चढवला, आणि काही नाही. खरंच काही नाही. मी कान लावून ऐकलं. रेकॉर्डिंगच्या स्क्रीनवरची रेघ मेल्यासारखी सरळ. माझा विश्वास बसेना. मी अप्पांचा हात धरून म्हटलं, अप्पा, गेलं! जिंकलात तुम्ही! द्या आता, आजच वाजवते.

अप्पांनी बोट वर केलं. मान झुकवली.

"हाय अजून. बारीक."

मी हसले. मला वाटलं, मुद्दाम करतायत. पण त्यांनी गिटार दिली नाही. पुन्हा झाकण उघडलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी स्क्रीन दाखवली, काही उपयोग नाही. "मशीनला काय कळतंय? माझा कान हाय हा." शोभाक्काच्या पोरांना बोलावून ऐकवलं, त्यांनाही काही येत नव्हतं. अप्पा म्हणाले, पोरांना सवय न्हाय. मी विनवण्या केल्या, भांडले, शेवटी रडले. म्हटलं, उद्यापरवा तारीख संपतेय, माझं सगळं त्याच्यावर आहे. अप्पांचा चेहरा पडला. पण म्हणाले, "अशी दिली तर ते परत पाठवतील, यव्वा. माझं नाव जाईल." तुमचं नाव! माझं पोट जातंय त्याचं काय? पण भिंतीला सांगितलेलं बरं.

शेवटच्या दिवशी मी ठरवूनच खाली उतरले. हिसकावून घ्यायची, झाकणं नसली तर नसली. दुपार होती. दुरुस्तीसाठी लाईट बंद ठेवलेली, सकाळपासून अख्ख्या भागात. माग बंद, शोभाक्काची मशीन बंद, पंखे बंद. त्या गल्लीत मी इतकी शांतता कधी ऐकली नव्हती. काकू सोप्यात बसून सुपात शेंगदाणे पाखडत होत्या, त्याचा खसखस आवाज तेवढा. आणि टेबलाशी अप्पा. गिटार उघडी, वायर कशालाच जोडलेली नाही, कान गिटारीला लागलेला, बोट वर.

"हाय अजून," म्हणाले.

माझा संयम संपला. "अप्पा, लाईट नाहीये!"

"म्हाईत हाय मला लाईट न्हाय."

"मग हमिंग कुठनं येणार? सगळं बंद आहे. गावात बंद आहे!"

"म्हनून तर म्हंतो. लई वाईट हाय हे. लाईट ग्येली तरी जात न्हाय."

हे बोलले आणि स्वतःच थबकले. सुपाची खसखस थांबली. अप्पा माझ्याकडे बघत होते. इतक्या दिवसांत त्यांनी मला पहिल्यांदाच काही विचारल्यासारखं विचारलं.

"तुला येत न्हाय?"

मी त्या सुट्या वायरीकडे बघत राहिले.

"खरं सांग, यव्वा."

"नाही येत, अप्पा."

त्यांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी मान खाली घातली. मग अप्पांनी हळूच उजवा तळवा स्वतःच्या कानावर ठेवला. काढला. पुन्हा ठेवला. काढला. तीच परीक्षा, तारांवर मला रोज करायला लावायचे ती.

"लावला तरी हाय," ते म्हणाले. "काडला तरी हाय."

मी भांडायला आले होते. मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी इतका राग आला की सांगता येत नाही. माझा पंखा, माझी ट्यूब, माझं मंद्रूप, काकूंचं ताम्हण, सगळ्यांचं पाणी, ज्याच्यामागे हा माणूस घर उचकत फिरला ते त्याच्याच कानात बसलेलं. आणि ते टेस्टरनं सापडणार नव्हतं, चोक बदलून जाणार नव्हतं. काकू नुसतं एवढंच म्हणाल्या, "डॉक्टरकडं म्हनून न्हेलं होतं मी."

काय करावं ते सुचेना, म्हणून मी गिटार उचलली. तारा अप्पांनी चढवून ठेवल्या होत्या. झाकणं उघडी, आत काकूंचं ताम्हण चमकतंय, अँप नाही, काही नाही. तशीच मांडीवर घेऊन पुण्याला पाठवायची ती चाल वाजवायला लागले. अँपशिवाय इलेक्ट्रिक गिटारीचा आवाज म्हणजे काय, टाचणी पडल्यासारखा. एरवी मागांच्या खटखटीत तो मला स्वतःलाही ऐकू आला नसता. त्या दुपारी आला.

अप्पांचं बोट अजून वरच होतं. वाजवता वाजवता मी बघत होते. ते बोट हळूहळू वाकलं. मग हात टेबलावर उतरला. मी थांबले. बोट पुन्हा वर आलं. वाजवलं, खाली गेलं.

"थांबू नगंस," अप्पा म्हणाले. "वाजवताना येत न्हाय."

"वाजव की गं," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज ओला होता.

मी किती वेळ वाजवलं माहीत नाही. लाईट आली, माग एकदम सुरू झाले, आणि माझा आवाज त्यात बुडाला. तेव्हा अप्पा उठले. त्यांनी स्वतः स्क्रू लावले, झाकणं बसवली, बंडीच्या टोकानं गिटार पुसली आणि माझ्या हातात दिली.

"घे," म्हणाले. "हिच्यात काय न्हाय."

त्या संध्याकाळी मी ऑईलपेंटच्या बाणाकडे तोंड करून, भिंतीकडे बघत रेकॉर्डिंग केलं आणि पाठवलं. पुण्याहून उत्तर आलं, इतकी स्वच्छ गिटार घरच्या रेकॉर्डिंगमध्ये आम्ही ऐकली नाही, पुढचं काम पाठवतोय. मी ते अप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली, आणि विचारलं, "रेग्युलेटर परत पायजे का?" मी म्हटलं, हो! तर म्हणाले, "बगू."

त्यानंतर मी रोज दिवेलागणीला खाली जाऊन त्यांच्या सोप्यात वाजवायची. शोभाक्का मशीन थांबवून दाराशी येऊन बसायची, पाण्याचं मनात ठेवून तोंड वाकडं करूनच. अप्पा खुर्चीत, दोन्ही हात मांडीवर. पण त्यांचा स्वभाव बदलला असं वाटलं असेल तर तसं काही नाही. एखादा सूर जरा घसरला की लगेच, "तार बग ती. सोल्डर सुटलंय वाटतं." सोल्डर नाही, अप्पा, माझं बोट चुकलं. "व्हय? मंग सोल्डरबी बगून घेऊ."

आता मी पुण्यात आहे. काम इथंच वाढलं, लग्न इथंच झालं. फ्लॅट नवीन, अर्थिंग पक्कं, गिटार तीच, पोटात ताम्हण असलेली. काकूंचा फोन येतो, संध्याकाळी, त्यांच्या लँडलाईनवरून. मोबाईलवर बोलणं अप्पांना मंजूर नाही, त्यात म्हणे कचरा फार. काकू म्हणतात, "वाजव बाई. दिवसभर सोप्यात येरझाऱ्या घालतायत, मला बसू देत न्हाईत." मग मी फोन अँपसमोर ठेवते आणि वाजवते. पलीकडे अप्पा रिसीव्हर कानाला लावून बसतात. नोकरीत बसायचे तसेच बसत असणार.

गाणं संपलं की त्यांचा आवाज येतो. बरं वाजवलंस, छान वाजवलंस, असं काही नाही. "तुज्या हितं हमिंग हाय."

"अप्पा, माझ्याकडे काही हमिंग नाही."

"हाय. कुटं तोंड करून बसलीस?"

मी वैतागते. दरवेळी वैतागते. कामाचा ढीग पडलेला असतो, कुकरच्या शिट्ट्या होत असतात, आणि हा माणूस सोलापुरात बसून माझी खुर्ची फिरवतोय. पहिल्यांदा पहिल्यांदा मी जागेवरच बसून खुर्ची नुसती खर्रकन वाजवायची आणि म्हणायची, फिरले. हल्ली खरंच उठते. खुर्ची उचलून भिंतीकडे करते आणि बसते.

"आता बघा."

पलीकडे ते कान देऊन ऐकतायत. त्यांचं बोट वर असणार, मला दिसतं ते.

"हाय अजून," अप्पा म्हणतात. "बारीक. तू वाजव की."